वाढदिवस पैठणला, चहा मात्र मीच टाकला

पत्र:

"ताई, मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. माझा जन्म १९६६ च्या भोगीचा. शास्त्रीजी गेले त्याच आठवड्यातला, असं आई सांगायची. यंदा १३ जानेवारीला साठ पूर्ण झाली आणि ३१ तारखेला बँकेतून निवृत्त झाले. मिस्टर तीन वर्षांपूर्वी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांची साठी शांत आम्ही दणक्यात केली होती. अडीचशे पानं उठली, मी दिवसभर पायावर. मला तसलं काही नको होतं. मुलगा डेन्व्हरला आणि मुलगी पुण्याला असते. दोघांनी मिळून मला मोटरहोम भाड्याने घेऊन दिली. त्र्यंबकहून निघायचं आणि गोदावरीच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत जायचं. मुलगा अमेरिकेत अशा गाडीतून फिरलाय, कल्पना त्याची.

हौसेनं निघालो. वाढदिवसाच्या दिवशी गाडी पैठणला, नाथसागराजवळ होती. सकाळी मिस्टर अंथरुणातूनच म्हणाले, 'हॅपी बर्थडे! आणि चहा टाक ना.' मग भोगी म्हणून भोगीची भाजी आणि तीळ लावून बाजरीची भाकरी. आता इंडक्शनवर भाकरी कशी होणार? ताटात पडली तर म्हणतात, 'फुगली नाही गं.' भांडी विसळायला उभी राहिले आणि रडूच आलं. तेवढ्यात मुलांचा व्हिडिओ कॉल. सगळे म्हणाले, आई किती लकी! मी हसले. नांदेड येईपर्यंत आमचं बोलणं 'डावीकडे घ्या', 'उजवीकडे घ्या' एवढ्यावर आलं होतं. शेवटी मीच म्हटलं, परत फिरू.

तेव्हापासून हे म्हणतात, 'तुला कशातच आनंद नाही.' मुलं हिरमुसलीत. उरलेला टप्पा एप्रिलमध्ये करा म्हणतात. खरं सांगायचं तर सगळी गाडी ह्यांनीच चालवली, टॉयलेटची टाकीही तेच रिकामी करायचे. मलाही कार येते, लायसन्स आहे, पण ती गाडी काही हातात दिली नाही. साठीला माणसानं मागे वळून बघावं म्हणतात. मला काही दिसलंच नाही. मी कृतघ्न आहे का? आणि पुन्हा जाऊ की नको?"

उत्तर:

कृतघ्न नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा निवांत वाचाल.

टॉयलेटच्या टाकीचं तुम्ही आवर्जून लिहिलंत. कृतघ्न बाईच्या पत्रात ते वाक्य आलं नसतं. ती टाकी रोज उचलून न्यायची, जागा शोधायची, ओतायची, धुवायची, हे काही सुखाचं काम नाही. वर त्रेसष्टाव्या वर्षी तेवढी उंच गाडी मराठवाड्याच्या रस्त्यांवरून हाकायची. तुमच्या मिस्टरांनी आळस केला असं कोणी म्हणू शकणार नाही. पण त्यांच्या डोक्यात कामाची वाटणी घरून निघतानाच झालेली होती: गाडीचं ते त्यांचं, पोटाचं ते तुमचं. ही वाटणी कोणी बोलून केली नाही, म्हणून ती कोणाला मोडताही आली नाही.

आता त्या वाटणीत काय झालं ते बघा. घरी तुमच्याकडे भांड्यांना मावशी येत असणार, बहुधा पोळ्यांनाही कोणी असेल. बँकेत जाणाऱ्या बाईचं घर एरवी चालत नाही. मोटरहोममध्ये मावशी कुठली? म्हणजे साठीची भेट म्हणून जे दिवस मिळाले, त्यात तुम्ही घरच्यापेक्षा जास्त स्वयंपाक केलात, जास्त भांडी घासलीत. तेही हात पसरायला जागा नाही अशा ओट्यावर आणि पाणी मोजून. अशा गाड्यांची पाण्याची टाकी शंभरेक लिटरची धरा. दोघांच्या अंघोळी झाल्या, डाळ-तांदूळ धुतले, चार भांडी विसळली की काटा खाली. घरी नळ सोडला की संपलं. इथे पाणी किती उरलंय हे सतत कोणाच्या तरी डोक्यात असावं लागतं. ते कोणाच्या डोक्यात होतं, हे मला विचारायची गरज नाही.

मुलाचंही चुकलं असं नाही, त्याने बघितलेलं चित्र वेगळं. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे अशी मोटरहोम, लावायची जागा म्हणजे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैला सोडायची सोय, सगळं शेजारी. गाडी उभी केली, नळी जोडली, खुर्च्या काढल्या. तिथली माणसं संध्याकाळी शेगडीवर काहीतरी भाजून खातात आणि त्यालाच जेवण म्हणतात. भोगीची भाजी करत बसत नाहीत: वाल-पावटा सोला, हरभऱ्याचे घाटे सोला, वांगी चिरा, गाजर चिरा, तिळाचं कूट. आपल्याकडे राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅराव्हॅन पार्कची कल्पनाही त्यात आहे. पण गोदाकाठच्या रस्त्यावर रात्री गाडी लावायची वेळ येते तेव्हा माणूस पेट्रोल पंपवाल्याला, ढाबेवाल्याला नाहीतर देवस्थानच्या भक्तनिवासालाच विचारतो. पोरानं डेन्व्हरमध्ये बसून डिझेल धरलं, भाडं धरलं, नकाशा आखला. आईचं रोजचं काम गाडीत कोण करणार, तेवढं धरायचं राहिलं.

पण एवढ्यानं तुम्ही रडला नसतात. भाकरी न फुगल्यानं बाई रडत नाही. उभ्या आयुष्यात न फुगलेल्या भाकरी तुम्ही पुष्कळ बघितल्यात.

तुमच्या पत्रात दोन तारखा आहेत आणि त्यांच्यात अठरा दिवसांचं अंतर आहे. १३ जानेवारीला साठी, ३१ ला निवृत्ती. इतकी वर्षं सकाळी घराबाहेर पडायला तुमच्याकडे सबळ कारण होतं. चहा झाला, डबा झाला, पुढे तुमचं टेबल, तुमची सही, तुमच्या नावानं हाक मारणारी माणसं. नाथसागराच्या काठावर त्या सकाळी 'चहा टाक ना' ऐकलंत, तेव्हा तुम्हाला १ फेब्रुवारी दिसली असं मला वाटतं. आता बाहेर पडायचं कारणच नाही. हाच नवरा, हीच हाक, असाच बारका ओटा, आणि पुढची वीसेक वर्षं. मोटरहोममध्ये दुसऱ्या खोलीत जाऊन बसता येत नाही, म्हणून ते इतकं लख्ख दिसलं. "मला काही दिसलंच नाही" असं तुम्ही लिहिता, पण माझ्या मते तुम्हाला दिसलं. मागचं नाही, पुढचं.

आणि मागे वळून बघायचं म्हणाल, तर त्याला हात रिकामे लागतात. आपल्या लोकांनी साठीला उगाच महत्त्व दिलेलं नाही. प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरं; माणूस जन्मला ते संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतं. तुम्ही जन्मलात ते विश्वावसु, आणि यंदाचा वाढदिवस झाला तेही विश्वावसुच. शास्त्रात या वयाला उग्ररथ शांत सांगितलीय. होम, कलश, नवरा-बायको शेजारी-शेजारी पाटावर, डोक्यावर अभिषेक. माझं निरीक्षण मात्र असं की पत्रिकेत नाव नवऱ्याचं छापतात, बायको त्याच्या शांतीत उरकली जाते. आणि तिची स्वतःची साठी येते तेव्हा "अगं, केली की आपण तीन वर्षांपूर्वी." तुम्ही स्वतःच नको म्हणालात, हे वाचलं मी. अडीचशे पानांच्या दिवशी पायावर उभं राहिलेली बाई दुसऱ्यांदा तो घाट घालायला कशाला सांगेल?

तर आता मागे वळून बघायचं काम करा, पण नाशिकमध्ये, एकटीनं, वाढदिवस उलटून गेल्यावर. एकदा सकाळीच घरातून निघा. सोमेश्वर तुम्हाला जवळ आहे. या दिवसांत धबधबा नावापुरताच, त्यामुळे गर्दी बेताची. नाहीतर एसटीनं त्र्यंबकला जा, कुशावर्तावर बसा. ब्रह्मगिरी चढायचा मोह गुडघे बघून करा. डबा नेऊ नका, भूक लागली की विकत घेऊन खा. फोन घरी ठेवा असं मी म्हणणार नाही, पण "कुठे आहेस?" याला "बाहेर" एवढंच उत्तर पुरतं.

तिथे बसून जे आठवेल ते गोडच असेल अशी खात्री मी देत नाही. बँकेतल्या बायकांची पत्रं या सदराला नेहमी येतात. त्यांत एक गोष्ट फिरून फिरून येते. प्रमोशनची परीक्षा द्यायची होती, पण बदली धुळ्याला नाहीतर आणखी लांब झाली असती; मुलांची शाळा, सासूबाईंचं दुखणं, म्हणून अर्ज भरलाच नाही. पुढे आपल्या हाताखाली शिकलेला मुलगा मॅनेजर होऊन आला आणि "मॅडम, तुमच्यामुळे शिकलो" म्हणाला. बाई त्यावर हसली. तुमच्या बाबतीत असं काही झालंय का, मला माहीत नाही. झालं असेल तर साठीला ते वर येणारच. येऊ द्या. त्याची लगेच समजूत घालू नका, "पण मुलं चांगली निघाली ना" असं स्वतःला म्हणू नका. मुलं चांगली निघाली ते निघालीच, आणि परीक्षा राहिली तीही राहिलीच. दोन्ही खरं असू शकतं. आणि ज्यांची खंत नाही अशाही गोष्टी सापडतील: कधीतरी स्वतःच्या मनानं घेतलेलं काही, कोणाला न विचारता केलेला खर्च, गावच्या शाखेतल्या एखाद्या म्हातारीचं अडकलेलं पेन्शन सोडवून दिलेलं. बायका या गोष्टी हिशेबात धरतच नाहीत. तुम्ही धरा.

आता मिस्टर. "तुला कशातच आनंद नाही" हे लागतं, मान्य. पण ते बोलताना त्यांचाही घसा दाटलेला असणार. त्यांच्या मते त्यांनी बायकोला नदी दाखवायला नेलं, पाठ मोडेस्तोवर गाडी चालवली, घाण उपसली, आणि ती नांदेडहून परत फिरली. मनानं दुखावलेला माणूस आहे तो. मात्र एक गोष्ट मी तुमच्या पत्रावरूनच हेरलीय. ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तीन वर्षं तुम्ही सकाळी बँकेत जात होतात. दुपारचा चहा ते काय शेजारणीकडून घेत होते? चहा येतो त्यांना. बहुतेक दुपारचं ताटही वाढून घेता येतं. तुम्ही समोर असलात की विसरतात एवढंच.

बोलायचं कधी आणि कुठे, हे शब्दांइतकंच महत्त्वाचं. जेवताना नको, तुम्ही वाढत असाल आणि बोलणं "जरा लोणचं दे" वर संपेल. गाडी चालवताना तर नकोच. नाशिककराच्या घरात रविवारी सकाळी कोणी ना कोणी मिसळ खायला निघतंच. तशाच एखाद्या रविवारी दोघं जा. तिथे वाढणारा तिसराच असतो, रस्सा संपला तर तो आणतो, तुम्हाला उठायचं नसतं. तर्री जरा ओसरली की सांगा: "मी तुमच्यावर रागावून परत फिरले नाही. मला निवृत्तीची भीती वाटली. आता आपण दोघंही घरी आहोत, तर सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडे." बस. मदत मागू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं आणि ते उपकार करतात; कोथिंबीर कुठे आहे, मीठ किती घालू, हे पुन्हा तुम्हालाच विचारतात. काम अख्खं सोपवा. पहिले पंधरा दिवस खिचडी आणि पिठलं खायची तयारी ठेवा आणि ओट्यापाशी फिरकू नका. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या तर होऊ द्या.

ते लगेच "हो" म्हणतील असं नाही. "आता या वयात?" म्हणतील. त्यावर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात पडून राहा. सात वाजू द्या, साडेसात वाजू द्या. ओझरच्या कारखान्यात विमानांवर काम केलेल्या माणसाला गॅस पेटवता येतो.

मुलांना काय सांगायचं, यात फार गुंतू नका. मुलीशी फोनवर बोला, ग्रुपवर नको. ग्रुपवर लिहिलं की डेन्व्हरचा मुलगा रात्री जागा होऊन स्पष्टीकरणं देत बसेल. "भेट आवडली, नदी आवडली, पण मी सगळ्या वाटेवर स्वयंपाक करत होते" एवढं सांगितलं की ती समजेल. तिच्याही घरात ओटा आहेच. व्हिडिओ कॉलवर हसलात त्याबद्दल स्वतःला खोटारडी म्हणू नका; वाढदिवसाच्या फोनवर कोण खरं बोलतं?

आता पुन्हा जायचं की नाही. जा. पण एप्रिलमध्ये अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये नांदेडच्या पुढे तेलंगणात चाळिशीच्या वरचं ऊन, आणि तुम्ही पत्र्याच्या डब्यात. एसी चालेल म्हणून मुलगा सांगेल. त्याला गणित घाला. गाडीतला छोटा एसी तासाला एक युनिट खातो असं धरा, दोन हजार वॉटची इंडक्शन पूर्ण जोरात अर्धा तास चालवली की आणखी एक. पाच युनिटची बॅटरी असेल तर मध्यरात्रीच्या आत थंडगार, म्हणजे बॅटरी, तुम्ही नव्हे. पावसाळ्यात नदीकाठ नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंध्राच्या किनाऱ्यावर वादळांचा हंगाम. डिसेंबर धरा. घरातली नवी वाटणी तोवर रुळलीय की नाही, तेही कळेल. रुळली नसेल तर गाडी आणू नका. तेच भांडण पुन्हा डिझेल घालून कशाला फिरवायचं?

मोटरहोमच घेणार असाल तर चालक-मदतनीस असलेली मागा. पाणी भरणं, टाकी रिकामी करणं, रात्रीची जागा बघणं हे त्याच्याकडे गेलं की मिस्टरही खिडकीतून नदी बघतील. त्यांनी तरी कुठे बघितली आहे? स्वतःच चालवायची असेल तर तुमचं नाव भाडेकरारात चालक म्हणून घाला, नाहीतर तुम्ही स्टिअरिंगवर असताना काही झालं तर विमावाले हात वर करतील. पाटी बघून घ्या: स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा.

आणि तुमचं लायसन्स आजच कपाटातून काढून तारीख वाचा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न या वयात काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन्स साठ पूर्ण होईपर्यंतच चालतं. म्हणजे तुमचं भोगीलाच संपलेलं असू शकतं, आणि घरात कोणाच्या लक्षातही आलेलं नसेल, कारण चालवताय कुठे तुम्ही. संपून वर्ष उलटायच्या आत अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, बाकी अर्ज ऑनलाइन होतो. नवीन लायसन्स आलं की आधी घरची कार घेऊन दिंडोरीपर्यंत जाऊन या, शेजारच्या सीटवर मिस्टरांना बसवून. "डावीकडे घ्या" म्हणायची पाळी त्यांची.

पुढचा रस्ता मात्र बघण्यासारखा आहे, म्हणून जा म्हणते. पैठणला एकनाथ झाले, गंगाखेडला जनाबाईचं गाव झालं. (जनाबाईला दळू लागायला पांडुरंग आला अशी कथा आहे. तुमच्या मिस्टरांनी गंगाखेडला फोटो काढले असतील.) नांदेडनंतर बासरला सरस्वतीचं देऊळ, मग भद्राचलमचा राम. आपल्या काळारामाच्या गावातून निघून त्याच नदीवर दुसऱ्या रामापाशी पोचायचं. पुढे पापीकोंडलूचे डोंगर कापत नदी राजमहेंद्रीला येते तेव्हा ती आपली रामकुंडातली गोदा राहिलेली नसते. पलीकडचा काठ बघायला डोळे बारीक करावे लागतात. खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटन या ब्रिटिश इंजिनिअरच्या नावाचं धरण, आणि तिथून तिचे फाटे फुटतात. एकाचं नाव वशिष्ठा, दुसऱ्याचं गौतमी. त्र्यंबकच्या गौतम ऋषींचं नाव १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन समुद्राच्या तोंडाशी पुन्हा भेटतं. त्या भागात आत्रेयपुरमला पूतरेकुलु नावाची मिठाई करतात, तांदळाच्या पिठाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, आत तूप आणि गूळ. ती तुम्ही विकत घेऊन खायची. करून बघायची नाही.

आणि मोटरहोमचा नादच सोडायचा असेल, तर मला तो पर्याय जास्त पसंत आहे. येवल्याजवळचं नागरसोल, आपल्याच जिल्ह्यातलं, तिथून थेट नरसापूरला एक्सप्रेस जाते. नरसापूर वशिष्ठा गोदावरीच्या काठावरच आहे. नदी ओलांडली की अंतर्वेदी, जिथे ती समुद्राला मिळते. गाडीत चहावाला येतो, जेवण येतं, टाकीची चिंता रेल्वेला. तिकडे पोचल्यावर चारेक दिवस हॉटेलात राहा, लोकल टॅक्सी करा, राजमहेंद्रीला जाऊन या. मुलांना म्हणावं, मोटरहोमचे पैसे हॉटेलला लावा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्या आशेवर राहू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे, साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना. दोघांसाठी दोन मागा. एकच मिळाला तर तो तुमचा.